सव्वासातच्या खिडक्या

बेंगळुरूत हेब्बाळच्या पुढे, विमानतळाच्या रस्त्याला, एक आर्किटेक्चरचं कॉलेज आहे. गेल्या महिन्यात त्याच्या छतावर एसीची सव्वीस यंत्रं बसली आणि वरच्या झडपा सिमेंटनं बुजवल्या. ती इमारत माझ्या मुलीची, वल्लरीची. म्हणजे तिनं काढलेली. ‘एसी नसलेलं गार कॉलेज’ म्हणून तिच्यावर पूर्वी वर्तमानपत्रांत चार वेळा आलं होतं. यंत्रं बसल्याचं कुठेच आलं नाही, म्हणून मी लिहिते आहे. आई लिहिते म्हणजे लेकीची बाजू घेणार, असं वाटेल. शेवटपर्यंत वाचलंत तर तसं वाटणार नाही.

मी मूळची नागपूरची, धरमपेठेतली; लग्नानंतर बेंगळुरूला आले. नागपूरच्या घरात वडिलांचा एक कायदा होता. उन्हाळ्यात सकाळचे आठ वाजले की सगळ्या खिडक्या बंद, पडदे खाली, आणि ऊन उतरलं की सगळ्या सताड उघड्या. वल्लरी सुट्टीत तिथे जायची. आठ वर्षांची असताना तिनं त्यांना विचारलं, “आजोबा, वारा यायला म्हणून खिडकी असते ना? मग तुम्ही बंद काय करता?”

“दिवसा येतो तो वारा नव्हे बेटा, तो आगाऊ पाहुणा आहे,” ते म्हणाले. “आला की मुक्कामच ठोकतो. गारवा रात्री भरून घ्यायचा आणि दिवसभर पुरवून खायचा.”

बेंगळुरूत हे कुणाला कळायचं नाही. इथे त्या काळी मे महिन्यात पहाटे शाल लागायची. इथल्या माणसाला खिडकी दिवसा उघडायची आणि रात्री डासांसाठी लावायची, एवढंच ठाऊक. हवा बदलली, सवय बदलली नाही. वल्लरीचं सगळं करिअर या एका सवयीशी भांडण्यात गेलं, असं म्हटलं तरी चालेल.

शिकून बाहेर पडल्यावर पाच वर्षं ती व्हाइटफील्डमधल्या ऑफिसच्या इमारती काढत होती. पश्चिमेला तळापासून वरपर्यंत काच. तिनं साहेबाला विचारलं, इकडे भिंत का नको? तो म्हणाला, “क्लायंटला सूर्यास्त दिसायला हवा.” ती म्हणाली, “सूर्य नुसता दिसणार नाही, आत येऊन बसेल.” तो म्हणाला, “त्यासाठी एसी आहे की.” त्या संध्याकाळी ती राजीनामा देऊन घरी आली. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. लग्न नाही, नोकरी नाही, आणि पोरगी मातीच्या विटा भिजवून बघते आहे. कुठल्या आईला झोप लागेल?

पुढच्या काही वर्षांत तिनं सात घरं बांधली, सगळी लहान. मग हे कॉलेज निघालं. ट्रस्टचे चिटणीस त्रिविक्रम यांनी तिचं एक घर पाहिलं आणि इमारत काढायचं कामही तिलाच दिलं आणि शिकवायची नोकरीही. इमारत २०११ मध्ये पुरी झाली. जाड मातीच्या भिंती, पश्चिमेला जाळी आणि जाळीपुढे करंजाची रांग. मधोमध चौकोनी मोकळी जागा थेट छतापर्यंत गेलेली, तिच्या माथ्यावर लाकडी झडपा. दोरी ओढली की झडपा उघडायच्या आणि दिवसभराची तापलेली हवा वरून निघून जायची. खालच्या खिडक्यांतून रात्रीची गार हवा आत यायची, भिंती गार व्हायच्या, आणि दुसऱ्या दिवशी चारपर्यंत तो गारवा टिकायचा. माझ्या वडिलांचाच कायदा. तिनं तो चार मजल्यांना लावला.

शिकवायचीही तशीच. पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगायची, आपापल्या खोलीत उदबत्ती लावा आणि धूर कुठे जातो ते तासातासाला काढून आणा. एका मुलाच्या आईचा फोन आला होता, मीच घेतला. “मॅडम, आमचा शार्दूल रात्रभर उदबत्ती लावून भिंतीकडे बघत बसतो. त्याला कुणाचा नाद तर नाही ना लागला?” म्हटलं, नाही हो, अभ्यास आहे. त्या बाईंचा विश्वास बसला नसावा. दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं घरात तापमापक टांगून वर्षभर वही ठेवायची. वहीत पाच रकाने: तारीख, वेळ, आतलं तापमान, बाहेरचं तापमान, आणि खिडकी कोणी उघडली-लावली. या पाचव्या रकान्यावर ती फार कडक होती. “खिडकी आपोआप उघडत नाही,” म्हणायची. “कोणीतरी उठतं. त्याचं नाव लिहा.” नाव नसेल तर वही परत.

आता नागोजी.

नागोजी कॉलेजचा पहारेकरी. पाया खणल्यापासून तिथे होता. इथल्या जुन्या मराठ्यांपैकी. “आमची माणसं शहाजीराजांबरोबर आली, अम्मा,” मला सांगायचा. “तवा किल्ल्यावर पहारा होता, आता कॉलेजवर. सोळाशे सालापासून ड्यूटी चालूच हाय, सुट्टी नाय.” मराठी बोलताना निम्मं कन्नड. वल्लरीला अक्का म्हणायचा, वयानं तिच्यापेक्षा मोठा असूनही.

पहिल्या उन्हाळ्यात वल्लरी रोज संध्याकाळी थांबून स्वतः झडपा उघडायची, आणि मी इकडे जयनगरच्या घरी साडेआठपासून फोन लावत बसायची. आठवडाभरानं नागोजी तिला म्हणाला, “अक्का, तुमी घरी जावा. दोरी तर ओढायची हाय, मी करतो की.”

त्यानं नुसती दोरी ओढली नाही. वल्लरीनं सांगितलं होतं, सहा वाजता सगळं उघडायचं. तो भिंतीला हात लावून बघायचा. चार दिवसांनी तिला म्हणाला, “सहाला नको, अक्का. सहाला भायेरची हवा अजून तापलेली असती. सव्वासातला तळ्याकडून वारा फिरतो. स्वल्प थांबून उघडायचं.” आधी पूर्वेच्या खिडक्या, अर्ध्या तासानं वरच्या झडपा, पश्चिमेच्या मध्यरात्रीनंतर. पावसाचं लक्षण असेल त्या दिवशी वेगळं. सकाळी आठला सगळं बंद. वर्गांत तापमान नोंदणारी छोटी यंत्रं होती. त्याच्या पद्धतीनं दुपारचा पारा आणखी दीड-दोन अंशांनी उतरला. बाहेर छत्तीस असताना आत सत्तावीस. वल्लरी ते आलेख घरी आणून मला दाखवायची. “बघ आई, आजोबांचं घर.”

अकरा उन्हाळे हे चाललं. त्या आलेखांवर तिचा प्रबंध उभा राहिला. परदेशी नियतकालिकात लेख आला. परिषदांमध्ये ती सांगायची, या इमारतीला वीज नको, यंत्र नको, ती स्वतःच श्वास घेते. लोक टाळ्या वाजवायचे. लेखात वाक्य होतं: ‘रात्री झडपा व खिडक्या उघड्या असतात.’ कोण उघडतं, ते नव्हतं.

आधी होतं. पहिल्या खर्ड्यात तिनं नागोजीचं नाव आणि त्याचं वेळापत्रक एका परिच्छेदात लिहिलं होतं. टेबलावर तो खर्डा मी वाचला. इंग्रजी साहित्यात बीए केलेली बाई आहे मी, वाचता येतं. मीच तिला म्हटलं, “हे कशाला घालतेस? परीक्षक म्हणतील, इमारत गार नाही, पहारेकरी हुशार आहे.”

ती हसली. म्हणाली, “आई, तू पण ना.” आणि दोन दिवसांनी परिच्छेद काढला.

२०२३ च्या जानेवारीत कॉलेजनं पहारा आणि सफाई एका एजन्सीला द्यायचं ठरवलं. जुन्या माणसांपैकी कोणाला ठेवायचं ते एजन्सी बघणार होती. एका रविवारी नागोजी आमच्या घरी आला. अवरेकाळूचा, म्हणजे पावट्याचा, हंगाम होता, पिशवीभर शेंगा घेऊन आला. मी चहा टाकला. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

“अक्का, एक लेटर पायजे,” तो म्हणाला. “कॉलेजच्या कागदावर, शिक्का मारून. खिडक्यांचं काम मी बघतो म्हणून. ह्या बिल्डिंगला हा माणूस लागतोच, असं लिवा. मग एजन्सीवाले काढायचे नायत.”

वल्लरी म्हणाली, “देते की.” आणि चहाचे कप घ्यायला आत आली. मी तिचा हात धरला. पुढच्याच महिन्यात तिची पीएचडीची तोंडी परीक्षा होती. “डोकं ठिकाणावर आहे का? तू प्रबंधात लिहिलंस, इमारतीला कोणी लागत नाही. आणि कॉलेजच्या कागदावर लिहून देणार, हा माणूस लागतोच? उद्या कुणी ते दोन्ही शेजारी ठेवलं तर?”

“त्याची नोकरी जाईल, आई.”

“नाही जात. चांगला माणूस आहे, ठेवतील. परीक्षा होऊ दे, मग हवं ते लिही.”

तिनं पत्र दिलं. ‘श्री. नागोजी यांना मी बारा वर्षे ओळखते. ते प्रामाणिक व वक्तशीर आहेत.’ तसं पत्र कुणालाही देतात. त्यानं शेजाऱ्याच्या मुलाकडून वाचून घेतलं असणार. दुसऱ्या दिवशी कॉलेजात तिला भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, “सरी, अक्का.” ठीक आहे, असं.

फेब्रुवारीत वल्लरी डॉक्टर झाली. पंधरा दिवसांनी एजन्सीनं नागोजीला काढलं.

मग काय व्हायचं ते झालं. एजन्सीचा नियम: संध्याकाळी सहानंतर सर्व खिडक्या आतून बंद, चोरी होऊ नये म्हणून. सकाळी सफाईवाल्या बायका येऊन सगळ्या उघडायच्या, हवा खेळावी म्हणून. म्हणजे बरोबर उलटं. जाड भिंतींनी दिवसभर ऊन प्यायचं आणि रात्रभर वर्गात ओकायचं. वल्लरीनं पहारेकऱ्यांना शिकवलं, पण दर दोन महिन्यांनी माणूस नवा. कॉलेजच्या व्यवस्थापकांना तोंडी सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्या, का उघडायच्या ते लिहा. लेखी देणं तिला शक्य नव्हतं, हे आता तुम्हाला कळलं असेल. त्या एप्रिलमध्ये तीन आठवडे ती रोज स्वतः संध्याकाळी थांबली. सव्वासात, मग पावणेआठ. पश्चिमेच्या खिडक्यांना कोण थांबणार? रात्री साडेदहाला घरी यायची. मग तिला टायफॉइड झाला आणि तेही संपलं.

दोन उन्हाळे वर्गांत तेहतीस-चौतीस अंश होते. गेल्या मार्चमध्ये एक मुलगी आपलं काम परीक्षकांना समजावून सांगताना चक्कर येऊन पडली. कुणीतरी चित्रण केलं, ते पालकांच्या गटात फिरलं. ‘एवढं कॉलेज आणि साधा एसी नाही?’ ट्रस्टनं समिती नेमली. इमारत बंदिस्त करून एसी लावायचा आराखडा मागवला, तो एका सल्लागार कंपनीकडून आला. कंपनीतर्फे आला तो शार्दूल. तोच, उदबत्तीवाला. तिचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी.

समितीच्या आधी वल्लरी माझ्यासमोर बसली. “मी खरं सांगणार आहे. नागोजीला घेऊन जाणार आहे. तो वेळापत्रक सांगेल, मी अकरा वर्षांचे आलेख ठेवीन. एक माणूस नेमा, इमारत पुन्हा चालेल. यंत्रं बसली आणि झडपा बुजवल्या की संपलं, आई. मग ती फक्त मातीची भट्टी.”

“आणि तुझा प्रबंध?”

“तो गेला तर जाऊ दे.”

या वेळी मी काही बोलले नाही. बोलायचं होतं.

नागोजी व्हाइटफील्डला एका सोसायटीच्या गेटवर लागला होता. वल्लरी त्याला आणायला गेली तेव्हा त्यानं विचारलं, “तवा तसं लेटर नाय दिलं, आता मी बोलायला पायजे?” तिनं मान खाली घातली. तो म्हणाला, “बिल्डिंग तापली म्हणून ऐकलं. येतो.” एक दिवसाची रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी पण गेले. बाहेर बाकावर बसले. उकडत होतं म्हणून समितीनं दार उघडंच ठेवलं होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

वल्लरी न अडखळता बोलली. लेखात काय लिहिलं, काय लपवलं, सगळं सांगितलं. मग म्हणाली, “नागोजी, सांगा.” तो कन्नडमध्ये सांगायला लागला. सव्वासात, तळ्याकडचा वारा, भिंतीला हात. चांगलं सांगत होता. चिटणीस त्रिविक्रम यांनी मधेच थांबवलं.

“हे करायला तुम्हाला लेखी हुकूम कुणाचा होता?”

“लेखी काही नव्हतं, सर. अक्कांनी सांगितलं.”

“म्हणजे अकरा वर्षं तुम्ही कॉलेजच्या खिडक्या रात्रभर परवानगीशिवाय उघड्या टाकत होता. आत संगणक आहेत. पहाऱ्याला नेमलेल्या माणसानं!”

“एक पेनसुद्धा गेलं नाही, सर.”

“गेलं नाही हे तुमचं नशीब.” मग वल्लरीकडे वळले. आवाज चढवला नाही. “मॅडम, मग आम्हाला तुम्ही इमारत दिली नव्हती. एक पहारेकरी दिला होता. तोही आमच्याच पगारावर. इमारत गार नव्हती, पहारेकरी हुशार होता.”

माझंच वाक्य. दाराबाहेर बाकावर बसून मी ते त्यांच्या तोंडून ऐकलं.

कुणीतरी म्हणालं, एक माणूस नेमून बघायला काय हरकत आहे? दुसरं कुणी म्हणालं, माणूस आजारी पडतो, यंत्राला कंत्राट असतं. शार्दूलनं आराखडा मांडला. काचा, सव्वीस यंत्रं, पाच चांदण्यांचं हरित प्रमाणपत्र. तेही मिळणार होतं! वीस मिनिटांत ठरलं.

नागोजी बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. माझ्याकडे बघितलं नाही. वल्लरी त्याच्यामागून आली. “नागोजी, मला माफ करा. मला वाटलं नव्हतं ते तुम्हालाच...”

“चोरच केलं की मला, अक्का,” तो म्हणाला. “काढलं तवा नुसतं काढलं होतं. चोर कुणी म्हटलं नव्हतं.”

तो जिन्यानं उतरून गेला. शार्दूल दारात उभा होता. थोडा वेळ घुटमळला, मग म्हणाला, “मॅम, मी तुमचा लेख दहा वेळा वाचलाय. दर वेळी वाटायचं, पाचवा रकाना कुठे आहे? विचारायची हिंमत झाली नाही.”

“विचारायचं होतंस,” वल्लरी म्हणाली.

“तुम्ही वही परत केली असती,” तो म्हणाला, आणि हसायचा प्रयत्न केला. वल्लरी हसली नाही.

जूनमध्ये तिचा करार वाढवला नाही. तिचा विषय अभ्यासक्रमातून गेला, त्या जागी वातानुकूलन यंत्रणा हा विषय आला. शिकवायला शार्दूल येतो, आठवड्यातून एकदा. प्रबंधाबाबत विद्यापीठानं चौकशी लावली आहे. ती घरी असते. सत्तेचाळीस वर्षांची आहे. कोणी विद्यार्थी फोन करत नाही. संध्याकाळी सव्वासातला उठून घरातल्या खिडक्या उघडते आणि सकाळी आठला लावते. मी रात्री हे लिहिते तेव्हा टेबलावर गार वारा येतो. बोलणं आमच्यात कमीच आहे.

तिनं न सांगता एक गोष्ट केली होती. लेख छापणाऱ्या नियतकालिकाला दुरुस्ती पाठवली होती. ती मागच्या आठवड्यात छापून आली, चार ओळींची. मी तिची प्रत काढली आणि वल्लरीला न विचारता मेट्रोनं व्हाइटफील्डला गेले. नागोजी गेटवर होता, दुपारच्या उन्हात. मला पाहून खुर्ची पुढे केली. “ऊट झालं का, अम्मा?” जेवलात का, असं. समितीबद्दल अवाक्षर नाही.

मी कागद दिला. त्यानं सरळ धरून बघितला. “इंग्लिशात हाय. काय लिवलंय?”

मी वाचून दाखवलं. २०१२ ते २०२२ या काळात खिडक्या आणि झडपा केव्हा उघडायच्या आणि केव्हा लावायच्या हे श्री. नागोजी यांनी ठरवलं व ते काम त्यांनीच केलं. थंडाव्याचं श्रेय त्यांना आहे. मूळ लेखात हे नमूद करायचं राहिलं.

“राहिलं,” तो म्हणाला. त्यानं कागद उलटा करून मागची बाजू बघितली. “शिक्का नाय?”

“यावर शिक्का नसतो, नागोजी.”

“नाय, कसं हाय अम्मा, इथं सुपरवायझरची जागा निघालीया. मागच्या कामाचं लेटर मागतात. हेच कॉलेजच्या कागदावर मिळंल काय? अक्कांना सांगा की. ही चार वळी पुरंल.”

“ती आता तिथे नाही.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला हे ठाऊक नव्हतं.

“सरी,” तो म्हणाला. मग बाहेर गाडीनं हॉर्न दिला आणि तो गेट उघडायला गेला. कागद खुर्चीवर ठेवून गेला, की विसरला, कळलं नाही. उडेल म्हणून मी तो त्याच्या डब्याखाली ठेवला आणि निघाले.

त्यानं पुन्हा पत्र मागितलं, हे मी घरी आल्यावर वल्लरीला सांगितलं नाही. तिला त्रास होईल म्हणून. त्या रविवारी तिचा हात धरला तेव्हाही मी याच कारणासाठी बोलले होते. आता हे छापून येईल तेव्हा ती वाचेल.